नाशिक परिसरात ट्रेलरवरच्या शिडाच्या बोटीसाठी जलाशय कसा शोधावा

गोदावरी, दारणा, कादवा, गिरणा आणि वैतरणा या नद्यांच्या खोऱ्यांत मिळून नाशिक जिल्ह्यात इतकी लहानमोठी धरणे आहेत की, शिडाची बोट बाळगणाऱ्या माणसाला पाण्याची वानवा भासण्याचे कारण नाही. तरीही नवखी मंडळी बोट ट्रेलरवर बांधून निघतात, काठाकाठाने दुपारपर्यंत फिरतात आणि ती पाण्याला न लावता परत आणतात, असे वरचेवर घडते. याचे कारण बहुधा एकच असते. जलाशय निवडताना पाण्याचा विस्तार पाहिला जातो आणि काठाचा विचार केला जात नाही. ट्रेलरवरून न्यायच्या बोटीच्या बाबतीत बोट कोठून उतरवायची, त्या जागेपर्यंत रस्ता कसा आहे, तेथे वारा कोणत्या बाजूने येतो आणि ती जागा कोणाच्या ताब्यात आहे, या चार प्रश्नांची उत्तरे काठावरच मिळतात. म्हणून शोधाची सुरुवात काठापासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे आणि पुढील सर्व पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत.

आपल्या बोटीची मापे लिहून काढा

जलाशय चांगला की वाईट हे बोटीवर अवलंबून असते, त्यामुळे आधी आपल्या बोटीची लांबी, वजन, डोलकाठीची उंची आणि सेंटरबोर्ड, म्हणजे बोटीच्या तळातून पाण्यात सोडायचे पाते, पूर्ण खाली सोडल्यावर लागणारी पाण्याची खोली या चार गोष्टी कागदावर लिहाव्यात. मुलांना शिकवण्यासाठी वापरली जाणारी ऑप्टिमिस्ट ही बोट जेमतेम २.३ मीटर लांब आणि ३५ किलो वजनाची असते. ती दोघे जण सहज उचलतात आणि तिला ट्रेलरची गरजही नसते. लेझर, जिला आता इल्का म्हणतात, सुमारे ४.२ मीटर लांब असून तिचा सांगाडा ५९ किलोच्या आसपास भरतो. भारतात अनेक क्लबांमध्ये दिसणारी दोन माणसांची एंटरप्राइज सुमारे चार मीटरची असते. हॉबी १६ हे दुहेरी सांगाड्याचे कॅटामरान मात्र पाच मीटरचे असून त्याचे वजन १४५ किलोच्या घरात जाते आणि डोलकाठी आठ मीटरहून उंच असते. पहिल्या दोन बोटींना जो काठ पुरतो तो हॉबीला पुरत नाही, आणि हॉबीला जो वारा मानवतो तो ऑप्टिमिस्टमधल्या मुलाला झेपत नाही.

ट्रेलरचीही तयारी याच वेळी करावी. मोटार वाहन कायद्यानुसार ट्रेलर हे स्वतंत्र वाहन असल्याने त्याची नोंदणी आरटीओत करावी लागते, आणि ओढणाऱ्या गाडीची क्षमता, मागचे दिवे व जोडणीची साखळी नियमाप्रमाणे असावी लागते. नवख्या माणसाने एवढा खटाटोप करण्यापूर्वी एखादा हंगाम बोट छोट्या टेम्पोत किंवा पिकअपमध्ये टाकून न्यावी, हे उत्तम. बोट कोणत्याही वाहनातून न्या, पण काठावर ती ढकलण्यासाठी रुंद टायरची हलकी हातट्रॉली सोबत असलीच पाहिजे. आपल्याकडे बोट उतरवण्यासाठी बांधलेले काँक्रीटचे उतार जवळपास कोठेच नाहीत, त्यामुळे गाडी कोरड्या जमिनीवर थांबवून शेवटचे अंतर ट्रॉलीने कापणे हाच व्यवहार्य मार्ग आहे.

नकाशावर एकाच जलाशयाची दोन रूपे पाहा

आपले जलाशय सिंचनासाठी व पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले आहेत. सप्टेंबरअखेरीस ते भरलेले असतात, रब्बीच्या आवर्तनांबरोबर उतरू लागतात आणि मे महिन्यात कित्येक ठिकाणी मूळ नदीपात्राभोवतीचे डबके एवढेच शिल्लक राहते. गंगापूर धरणाचा उपयुक्त साठा पूर्ण भरल्यावर ५,६३० दशलक्ष घनफूट असतो, परंतु ऑक्टोबरात त्या आकड्यावर विसंबून आखलेली सहल एप्रिलमध्ये उपयोगी पडत नाही. पाऊस कमी झालेल्या वर्षी समन्यायी पाणीवाटपाच्या धोरणानुसार वरच्या धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडले जाते, आणि अशा वेळी काही दिवसांतच काठ बराच खाली सरकतो.

म्हणून गूगल अर्थवर जुनी उपग्रहचित्रे पाहण्याची जी सोय आहे, तिचा उपयोग करून प्रत्येक जलाशयाचे एक चित्र ऑक्टोबर किंवा नोव्हेंबरचे आणि एक मे महिन्याचे शेजारी ठेवून पाहावे. युरोपीय सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रे सुमारे पाच दिवसांच्या अंतराने मिळतात आणि त्यांवर आजची पाणपातळी बऱ्यापैकी ताजी दिसते. तपशील मात्र दहा मीटरचाच असतो, त्यामुळे त्यावर खडक दिसतील अशी अपेक्षा ठेवू नये. मे महिन्याच्या चित्रात जे उघडे पडलेले दिसते, तेच नोव्हेंबरात पाण्याखाली असते: बुडालेल्या बांधांच्या रांगा, जुना रस्ता, पुलाचा कठडा, विहिरीची गोल कडा, वठलेली झाडे, कातळाचे उंचवटे. हे सारे उन्हाळ्यातल्या चित्रावरून कागदावर उतरवून घेतले की हिवाळ्यासाठी तुमचा स्वतःचा तळनकाशा तयार होतो. असा नकाशा बाजारात विकत मिळत नाही, आणि सेंटरबोर्ड किंवा सुकाणूचे पाते वाचवायचे असेल तर त्यावाचून दुसरा उपाय नाही.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलदर्शक नकाशांवर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, असतात, त्यांवरून काठाचा उतार कळतो. रेषा जेथे एकमेकींना चिकटलेल्या, तेथे काठ उभा असतो आणि बोट उतरवणे अशक्य होते. रेषा जेथे फार लांब लांब, तेथे पाणी उथळ असते आणि पातळी थोडी उतरताच काठ शंभर पावले दूर जातो. यांच्या मधली जागा शोधावी. नकाशावर जाता जाता आणखी एक गोष्ट मोजून ठेवावी, ती म्हणजे मोकळ्या पाण्याची लांबी. साधारण चार नॉट, म्हणजे ताशी सुमारे साडेसात किलोमीटर वेगाने जाणारी बोट ५०० मीटर अंतर चार मिनिटांत कापते. मोकळे पाणी याहून अरुंद असेल तर शिकणाऱ्याचा सारा वेळ बोट वळवण्यातच जातो आणि शीड नीट धरून सरळ जाण्याचा सराव होत नाही. दोन्ही दिशांना निदान एक किलोमीटर मोकळे पाणी मिळावे, असा माझा आग्रह असतो.

वारा: हंगाम, दिशा आणि डोंगरांचा आडोसा

पावसाळ्यात येथे पश्चिमेचा जोरदार वारा असतो, पण त्या काळात धरणांतून विसर्ग चालू असतो, सरी अचानक दृश्यमानता घालवतात, आणि जिल्हा प्रशासन अनेक जलाशयांच्या व धबधब्यांच्या परिसरात मनाई आदेश काढते. रामकुंडावरच्या दुतोंड्या मारुतीला पाणी लागल्याच्या बातम्या ज्या दिवसांत येतात, ते दिवस बोटीची रंगरंगोटी आणि दोरांची डागडुजी करण्याचे समजावेत. ऑक्टोबरात पाणी उत्तम असते, परंतु वारा मंद व बेभरवशाचा असतो आणि दुपारनंतर परतीच्या पावसाचे ढग गडगडाट घेऊन येतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा नवख्यांसाठी सर्वांत चांगला काळ आहे. सकाळी पाणी आरशासारखे स्थिर असते, ऊन वर आल्यावर पूर्वेकडून किंवा ईशान्येकडून बेताचा वारा सुटतो आणि दुपारी चारपर्यंत बहुधा टिकतो. पहाटे निघण्याची घाई या दिवसांत व्यर्थ असते. नाशिक-निफाडच्या थंडीत पारा दहा अंशांच्या खाली जातो आणि बोट उलटून भिजलेला माणूस गारठून लवकर हतबल होतो, म्हणून अकराच्या सुमारास पाण्यावर उतरावे. मार्च व एप्रिलमध्ये दुपारनंतर पश्चिम व वायव्येचा वारा जोर धरतो. हात बसलेल्या माणसाला हा काळ फार आवडतो, पण पाणी तोवर ओसरलेले असते. मे महिन्यात वळवाचे ढग उभे राहताना दिसले की तेव्हाच काठ गाठावा, कारण अशा ढगाच्या पुढे धावणारी वावटळ पाऊस येण्याआधीच येऊन धडकते.

वाऱ्याचा जोर समजून घेताना एक नियम पक्का ध्यानात ठेवावा. शिडावरचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वारा दहा नॉटवरून चौदावर गेला की आकडा फारसा वाढल्यासारखा वाटत नाही, पण दाब जवळजवळ दुप्पट होतो. शिकणाऱ्याने सात ते दहा नॉटच्या, म्हणजे ताशी बारा ते एकोणीस किलोमीटरच्या वाऱ्यात सुरुवात करावी. पाण्यावर लाटांचे माथे जागोजागी पांढरे दिसू लागले की वारा त्या मर्यादेच्या बाहेर चालला आहे असे समजून शीड उतरवावे.

नकाशावर वाऱ्याची दिशा आणि धरणाची भिंत यांचा संबंध तपासणे ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. गोदावरी पूर्ववाहिनी आहे. गंगापूरसारख्या जलाशयात धरणाची भिंत पूर्व टोकाला आणि भिंतीमागे साचलेल्या पाण्याचा फुगवटा पश्चिमेकडे पसरलेला असतो. उन्हाळी पश्चिमेचा वारा सरळ भिंतीकडे आणि सांडव्याकडे वाहतो, त्यामुळे सुकाणू मोडले किंवा डोलकाठीची तार तुटली तर बोट नेमकी त्याच दिशेला वाहत जाते. तेव्हा भिंतीपासून भरपूर अंतर राखून फुगवट्याच्या मधल्या भागातच फिरावे आणि नांगर व पुरेसा लांब दोर नेहमी बोटीत ठेवावा. हिवाळी पूर्वेचा वारा तुम्हाला उलट फुगवट्याच्या उथळ टोकाकडे नेतो. तेथे चिखलात रुतून बसण्याचा त्रास होतो, जिवाचा धोका मात्र कमी असतो. वैतरणा पश्चिमवाहिनी असल्याने ऊर्ध्व वैतरणा जलाशयात हे गणित बदलते, म्हणून प्रत्येक जलाशयाचा वेगळा विचार करावा.

उतरण्याची जागा अशा काठावर शोधावी की, त्या हंगामातला वारा काठाला समांतर वाहील. पूर्व-पश्चिम पसरलेल्या जलाशयाला याचा अर्थ उत्तर किंवा दक्षिण काठ असा होतो. अशा ठिकाणी एकाच दिशेचा आडवा वारा जाताना आणि येतानाही मिळतो आणि नवखा माणूस स्वतःच्या बळावर परत येऊ शकतो. काठाकडून पाण्याकडे वाहणारा वारा फार फसवा असतो, कारण काठाजवळचे पाणी शांत दिसते, बोट हलकेच निघते आणि मध्यावर गेल्यानंतर कळते की वारा वाटला त्याहून कितीतरी जोराचा आहे व परतीची वाट थेट वाऱ्याच्या विरुद्ध आहे. पाण्याकडून काठाकडे येणाऱ्या वाऱ्यात बोट बाहेर काढणे जिकिरीचे असते, पण काही बिघडले तर निदान तो वारा घरी आणून सोडतो.

डोंगरांचा आडोसा हा आणखी एक विषय आहे. सह्याद्रीच्या कड्याखालचे पाणी दिसायला मोहक असते, पण कड्यावरून उतरणारा वारा कधी पूर्ण पडतो, तर कधी झोताने अंगावर येतो आणि दिशाही क्षणात फिरवतो. कडा जितका उंच, तितक्या दूरवर त्याचा परिणाम पाण्यावर जाणवतो. झाडांच्या दाट राईचाही असाच परिणाम होतो, फक्त कमी अंतरापर्यंत. काठावर उभे राहून अर्धा तास पाण्याकडे नुसते पाहावे. काळपट सुरकुत्यांचे पट्टे जेथून पुढे सरकतात तेथे झोत असतो, आणि तेलकट गुळगुळीत दिसणारे पट्टे हे आडोशाचे असतात. हे पट्टे एकसारखे आणि सावकाश सरकत असतील तर जागा चांगली आहे. ते चहूकडून येऊन एकमेकांत मिसळत असतील तर शिकण्यासाठी दुसरी जागा पाहावी.

काठाची प्रत्यक्ष पाहणी

येथे घाई करू नये. पहिल्या फेरीला बोट नेऊच नये. मोटारसायकल किंवा गाडी घेऊन जावे आणि सोबत पहार, दहा फुटी बांबू, मोजपट्टी व जुने बूट असावेत.

प्रथम रस्ता पाहावा. डांबरी रस्ता बहुधा धरणाच्या भिंतीपर्यंत नेतो, आणि भिंत व तिच्या लगतचा भाग प्रतिबंधित असतो. फुगवट्याकडे जाणारा रस्ता गावातून, नंतर पाणंदीने, आणि शेवटी कोणाच्या तरी बांधावरून जातो. ट्रेलर जोडलेली गाडी पाणंदीत वळवता येत नाही, आणि समोरून ऊस किंवा द्राक्षांचा ट्रॅक्टर आला तर दोघांचाही खोळंबा होतो. म्हणून वळण्याइतकी मोकळी जागा कोठे आहे हे आधी पायी जाऊन पाहावे. पाण्याची पूर्ण संचय पातळी आणि आजची पातळी यांमधला जो उघडा पट्टा असतो, ते बुडीत क्षेत्र शासनाचे असते, पण त्यावर पाणी ओसरल्यावर गाळपेर केलेली असू शकते. हरभरा, गहू किंवा काकडी उगवलेल्या पट्ट्यातून गाडी नेणे म्हणजे एखाद्या कुटुंबाचे पीक तुडवणे होय, आणि एकदा तसे झाले की त्या गावात पुन्हा कोणी बोट उतरवू देणार नाही. शेतकऱ्याला विचारावे. तो पिकाला वळसा घालणारी वाट स्वतः दाखवतो.

मग माती तपासावी. मुरमाड काठ सर्वांत उत्तम, कारण त्यावर ट्रॉलीची चाके रुतत नाहीत आणि बोटीचा तळही फारसा घासत नाही. कातळाचा सलग उतार चालतो, परंतु त्यावर शेवाळ असल्यास पाय घसरतो. काळी माती मात्र फसवते. पाणी उतरल्यावर तिच्यावर भेगाळलेली खपली धरते, ती माणसाचे वजन पेलते आणि जागा पक्की वाटते, पण खाली पिठल्यासारखा मऊ चिखल असतो आणि ट्रॉलीचे चाक त्यात आसापर्यंत जाते. पहार दोन्ही हातांनी एकदाच जोर देऊन खुपसावी. ती वीतभराहून अधिक सहज आत गेली, तर गाडी तेथून दूर ठेवावी. पाण्याच्या कडेपासून गाडीपर्यंतचे अंतर मोजून घ्यावे आणि तितक्या लांबीचा जाड दोर सोबत न्यावा, म्हणजे परतताना तो गाडीच्या हुकाला बांधून ट्रॉली वर ओढता येते.

उताराचे मोजमाप बांबूने होते. काठापासून पाण्यात चालत जावे, प्रत्येक दोन पावलांवर बांबू तळाला टेकवावा आणि पाणी अर्धा मीटर खोल होईपर्यंतचे अंतर लिहावे. हे अंतर चार मीटर भरले तर उतार साधारण आठास एक आहे आणि बोट ट्रॉलीवरून सहज तरंगते. तेच अंतर पंधरा मीटर निघाले तर उतार तिसास एक एवढा सपाट आहे, आणि ट्रॉली पाण्यातून तितकी दूर ढकलावी लागेल. हलक्या लेझरसाठी ते चालते. हॉबीसाठी चार माणसे असतील तरच त्या वाटेला जावे. पोहता न येणाऱ्याने ही पाहणी करू नये, आणि येणाऱ्यानेही लाइफ जॅकेट घालून व काठावर एक जण उभा ठेवूनच करावी, कारण जुन्या विहिरी आणि खाणींचे खड्डे पाण्यातून दिसत नाहीत.

आता विजेच्या तारा. नाशिक जिल्ह्यातील जलाशयांच्या काठाने कृषिपंपांचे जाळे आहे. खांबांवरून येणारी तार काठावरच्या लोखंडी पेटीत उतरते, पेटीतून काळी केबल जमिनीवर नागमोडी पसरत पाण्याकडे जाते, आणि पुढे निळ्या प्लास्टिकच्या पिंपांवर बांधलेला पंप तरंगत असतो. पाणी मागे सरते तसा शेतकरी पंप पुढे नेतो, आणि केबलला जोड देत जातो. हे जोड कधी पाण्यात असतात, कधी चिखलात. अशा पंपाच्या जवळपास पाण्यात उतरू नये आणि केबलवरून ट्रॉली नेऊ नये. त्याहून मोठा धोका डोक्यावर असतो. बोटीची डोलकाठी बहुतेक वेळा ॲल्युमिनियमची असते, आणि उच्च दाबाच्या तारेला ती प्रत्यक्ष टेकली नाही, नुसती जवळ गेली तरी ठिणगी उडून प्रवाह उतरू शकतो. डोलकाठी उभी करण्याआधी वर पाहावे, आणि उभी केल्यानंतर ट्रॉली ज्या वाटेने जाणार त्या संपूर्ण वाटेवर एक चक्कर मारून पुन्हा वर पाहावे. जलाशय ओलांडून जाणाऱ्या तारांखालून तर जाऊच नये. उन्हाळ्यात ज्या तारेखाली मोकळी जागा दिसते, तीच तार पाणी पूर्ण भरल्यावर कित्येक मीटरने जवळ आलेली असते. काठावर तारा असलेली जागा कितीही सोयीची असली तरी मी ती यादीतून काढून टाकतो, आणि वाचकांनीही तसेच करावे, अशी कळकळीची विनंती आहे.

परवानगी आणि गावकरी

जलाशय जलसंपदा विभागाच्या ताब्यात असतात. धरणाच्या शाखा कार्यालयात जाऊन कोणता पाटबंधारे विभाग ते सांभाळतो हे विचारावे आणि तेथील कार्यकारी अभियंत्यांच्या नावे अर्ज करावा. अर्जात बोटीचा प्रकार, लांबी, माणसांची संख्या, उतरण्याची जागा, तारखा, आणि बोटीला इंजिन नाही ही बाब स्पष्ट लिहावी. शिडाच्या बोटीला इंजिन नसते हे अनेकदा कार्यालयात ठाऊक नसते, आणि ते कळल्यावर पाणी दूषित होण्याची शंका बरीचशी मिटते. गंगापूर, मुकणे आणि दारणा या धरणांचे पाणी नाशिक शहर पिते, याचे भान ठेवून तेथे पेट्रोलचे इंजिन लावण्याचा विचारही मनात आणू नये. वारा पडल्यावर परतण्यासाठी वल्ही पुरतात. इंजिन लावायचेच असेल तर यांत्रिक बोटींना अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ लागू होतो आणि त्याप्रमाणे नोंदणी व तपासणी करून घ्यावी लागते.

कागदावरची परवानगी मिळाली तरी गावात जाऊन बोलणे टाळू नये. सरपंचांना आणि मच्छीमार सहकारी संस्थेच्या लोकांना भेटावे. जलाशयातील मासेमारीचा हक्क बहुधा अशा संस्थेकडे ठेक्याने असतो आणि संध्याकाळी सोडलेली जाळी सकाळपर्यंत, कधी त्यानंतरही पाण्यात असतात. जाळ्याची खूण म्हणजे रिकाम्या पाण्याच्या बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे. एका रेषेत तरंगणाऱ्या बाटल्या दिसल्या की त्यांच्या मधून न जाता टोकाला वळसा घालावा, कारण सेंटरबोर्ड आणि सुकाणू जाळ्यात अडकले तर जाळे फाटते आणि बोटही उलटते. इगतपुरी व त्र्यंबक तालुक्यांतील कोळी बांधवांना पाण्याखालचा प्रत्येक उंचवटा आणि दुपारी वारा कोणत्या खिंडीतून फिरतो हे ठाऊक असते. ‘दादा, इथं पाण्यात दगड कुठं कुठं आहेत?’ एवढे विचारून त्यांचे शांतपणे ऐकावे, आणि ते हात करून दाखवतील त्या जागा तेथेच आपल्या नकाशावर टिपून घ्याव्यात.

काही जलाशयांविषयी

गंगापूर शहराला सर्वांत जवळ आहे. राज्य पर्यटन महामंडळाचा बोट क्लब तेथे असल्यामुळे कोणाला विचारायचे हा प्रश्न सुटतो आणि संकटात मदतही जवळ मिळते. म्हणून पहिला जलाशय म्हणून मी याचीच शिफारस करतो. तेथे यांत्रिक बोटींची ये-जा असेल तर त्यांच्या लाटांपासून दूर राहावे. मुकणे मुंबई-आग्रा महामार्गापासून जवळ आहे, त्यामुळे ट्रेलर नेण्यास सोपे. दारणा ब्रिटिश काळात बांधलेले जुने धरण असून त्याचा फुगवटा वाकणावाकणांचा आहे. पावसाळ्यात ते लवकर भरते आणि विसर्गही लवकर सुरू होतो.

ऊर्ध्व वैतरणा जलाशय पठारावर ऐसपैस पसरलेला आहे. अनेक खाड्या, बेटे आणि घाटमाथ्यावरचा मोकळा वारा यांमुळे सराव झालेल्या माणसाला तो फार समाधान देतो, परंतु खाड्या एकसारख्या दिसत असल्याने निघालेली जागा परत ओळखता यावी म्हणून काठावर उंच बांबूला रंगीत कापड बांधून ठेवावे. भावली चहूबाजूंनी डोंगरांनी वेढलेले असून लहान आहे. तेथे वाऱ्याचे झोत अनियमित असतात, म्हणून नवख्यांनी ते टाळावे. शेजारच्या जिल्ह्यातील भंडारदरा, म्हणजे १९२६ साली पूर्ण झालेले विल्सन धरण, याविषयीही हेच म्हणावे लागेल. कळसूबाईच्या रांगेतून उतरणारा वारा तेथे अनुभवी माणसाचीही परीक्षा घेतो. दिंडोरी तालुक्यातील करंजवण, वाघाड आणि ओझरखेड हे मध्यम आकाराचे जलाशय हिवाळ्यात चांगले असतात, मात्र सिंचनाची आवर्तने सुरू झाली की दर पंधरवड्याला काठ नव्याने पाहावा लागतो. नांदगाव तालुक्यातील गिरणा हा जिल्ह्यातला सर्वांत मोठा जलाशय. भोवतीचा मुलूख उघडा असल्याने तेथील वारा घाटाकडच्या पाण्यापेक्षा एकसारखा असतो, पण तो दरवर्षी भरेलच असे नाही, म्हणून साठ्याची बातमी पाहूनच जावे.

नांदूर मध्यमेश्वर येथे बोट नेऊ नये. ते पक्षी अभयारण्य आहे आणि २०२० मध्ये त्याला राज्यातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून मान्यता मिळाली. हिवाळ्यात येणाऱ्या पक्ष्यांना शिडाच्या सावलीनेही उठवून लावणे योग्य नाही.

ज्यांना आधी कोणाच्या तरी हाताखाली शिकायचे आहे, त्यांनी मुंबईतील नौकानयन क्लब किंवा हैदराबादचा हुसेनसागर यांचा विचार करावा. शहराच्या मधोमध असलेल्या त्या तलावावर राष्ट्रीय स्तराच्या स्पर्धा होतात, आणि गोड्या पाण्यावरचा बदलता वारा कसा हाताळतात हे तेथे जवळून पाहायला मिळते.

पहिला दिवस आणि परतताना

पहिल्या दिवशी काठापासून दोनशे मीटरच्या आतच राहावे आणि एकदा मुद्दाम, लाइफ जॅकेट घालून, पोहून काठ गाठता येईल अशा जागी बोट उलटवून पुन्हा सरळ करून पाहावी. हा सराव झाल्याशिवाय पुढे जाऊ नये. शिट्टी जॅकेटला बांधलेली असावी, फोन जलरोधक पिशवीत असावा, आणि किती वाजता परतणार हे काठावरच्या माणसाला सांगून ठेवावे. त्या वेळेनंतर अर्ध्या तासात बोट न दिसल्यास त्याने मच्छीमारांना हाक मारावी आणि ११२ वर फोन करावा.

परतल्यावर बोट काठावरच कोरडी करावी. सांगाड्याचे बूच काढून आतले पाणी ओतून टाकावे, ट्रॉलीच्या आसात, सेंटरबोर्डच्या खाचेत आणि दोरांच्या गुंडाळीत अडकलेल्या वनस्पती हाताने काढाव्यात. गोदावरीच्या खालच्या अंगाला जलपर्णीने पाणी झाकून टाकल्याचे आपण दरवर्षी पाहतो. तिचा एक लहानसा तुकडाही दुसऱ्या जलाशयात गेला तर तेथे तीच स्थिती होऊ शकते. साबण किंवा डिटर्जंट काठावर वापरू नये. बोट घरी नेऊन साध्या पाण्याने धुवावी, शीड सावलीत पसरून वाळवावे, आणि त्या दिवशीची पाणपातळी, वाऱ्याची दिशा, उताराचे मोजलेले अंतर व नव्याने सापडलेले खडक ही नोंद त्याच संध्याकाळी त्या जलाशयाच्या नकाशावर तारखेसह लिहून ठेवावी.